सांगलीहून आणलेला व्हाइस

मला मशीन नको होतं. मला साताऱ्याला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरात ती कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

लग्नाआधीपासून मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि सुटे भाग घडवायच्या कारखान्यात, मिलिंग मशीनवर काम करत होते. आमचं सासरचं गाव कराडच्या अलीकडं, हायवेला लागून. सकाळची एसटी धरायची, खिडकीची जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर उंब्रजपर्यंत उभ्यानं. टूलरूममध्ये मला कुणी सूनबाई म्हणत नव्हतं, वैनी म्हणत नव्हतं. "ओ मॅडम, हा स्लॉट बघा जरा, मापात भरत न्हाई," असं कुणीतरी ओरडायचं आणि मी हात पुसत जायची. डब्याच्या सुट्टीत आम्ही बायका लोणच्याच्या फोडीवरनं भांडायचो. लय भारी दिवस होते ते, आणि ते भारी आहेत हे मला तेव्हाच कळत होतं.

मग आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं तर पार विस्कटलं. नवरा फौजेत, सुट्टी मिळेल तसा येणारा. धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, शेती बघतात. त्यांचं लग्न काही जमत नव्हतं, शेती करणाऱ्या पोराला आजकाल मुलगी देतंय कोण. म्हणजे घरात बाईमाणूस मी एकटी. कुणी मला नोकरी सोड म्हणालं नाही. फक्त सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी सोडली.

आत्याबाईंवर माझा राग नव्हता, हे आधीच सांगते. त्यांना अंघोळ घालताना, कुशीवर वळवताना मला कधी किळस आली नाही. पण दुपारी त्या झोपल्या की हायवेवरच्या एसटीचा आवाज यायचा, आणि मला उठून पळत सुटावंसं वाटायचं. घर चांगलं, माणसं चांगली, आणि तरी श्वास पुरत नव्हता. वाईट माणसांच्या घरातनं बाई भांडून तरी बाहेर पडते. चांगल्या माणसांपुढं करायचं काय?

शेवटी एक दिवस मी मामंजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, बोलले. मामंजी फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, शब्दाला पक्के. मी म्हटलं, "आत्याबाईंना सांभाळायला बाई बघू या. मला कामावर जायचंय."

त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून साताऱ्याला गेले, आमच्या टूलरूमच्या साहेबांना भेटले आणि संध्याकाळी टेम्पोत एक छोटं मिलिंग मशीन घालून घेऊन आले! टूलरूमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. पूर्वी म्हशी बांधायचो त्या शेडात ते उतरवलं आणि मला म्हणाले, "घ्या सूनबाई. तुमी कामावर कशाला जाताय, कामच घरी आणलंय."

मी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात. त्यांच्या तोंडावर केवढा आनंद होता.

साहेबांनी नमुन्याचं एक काम दिलं होतं. पोलादी ठोकळा, सगळ्या बाजू काटकोनात, मधून एक स्लॉट, म्हणजे सरळ खाच. ठोकळा पास झाला तर टूलरूमचं छोटं काम कायम आमच्या शेडात येणार. आणि साहेब असंही म्हणाले होते की, मॅडमची जागा दिवाळीपर्यंत भरत नाही.

"माझाबी शब्द ऐका," मामंजी म्हणाले. "दिवाळीपत्तोर घरात जमलं तर झ्याक. न्हाई जमलं तर मी सवता बाई बघतो आन् तुमी जावा साताऱ्याला. कोण आडवतंय बघतो."

म्हणजे ठोकळा चांगला झाला तर मी घरात. ठोकळा बिघडला तर मी सकाळच्या एसटीत.

मशीनला व्हाइस नव्हता. व्हाइस म्हणजे मशीनच्या टेबलावर बसवायची पकड. दोन लोखंडी जबडे, त्यात काम आवळून धरायचं आणि वरून कटर फिरवायचा. मशीन कितीही चांगलं असू दे, व्हाइस ढिला असला की सगळं मुसळ केरात. आणि लहान मशीनचा व्हाइस निवडताना माणसं हमखास एकच चूक करतात, मोठा घेतात. लहान मशीनमध्ये टेबल आणि कटर यांच्यात जागाच थोडी. त्यात उंच व्हाइस बसवला की कामाला आणि कटरला जागा कुठली उरायची? म्हणून बुटका हवा, टेबलाच्या रुंदीत मावणारा हवा, आणि त्याला गोल फिरणारं बूड नको. ते बूड दिसायला ऐटबाज, पण उंची खातं आणि थरथर वाढवतं.

भावजींची सांगलीला ट्रॅक्टरच्या सामानाची खेप असायची. मला आत्याबाईंना सोडून हलता येईना, म्हणून मी त्यांना सांगितलं. हाताची वीत मोजून दाखवली. "एवढाच आणा भावजी. बुटका. खाली फिरतं बूड नको."

"व्हय वैनी, कळलं की," म्हणाले.

खंडेनवमीच्या सकाळी भावजी तो व्हाइस खांद्यावर घेऊन आले. खांद्यावर! मी लांबूनच ओळखलं की घात झालाय. खाली ठेवला तर फरशी दणाणली. रुंद जबडे, खाली अंश कोरलेलं फिरतं बूड, आणि हँडल तर हापशाएवढं. भावजींचा चेहरा फुललेला. "दुकानदार बारकंच दाखवत हुता. म्हटलं, फौजी घर हाय आमचं, खेळणी नकोत. ह्यो बगा वैनी, आख्खा ट्रॅक्टर धरंल ह्यात."

मी म्हणणार होते की उद्याच्या उद्या परत करा. दुकानदारानं तसं कबूल केलं होतं, वापरला नसेल तर बदलून मिळेल. पण अंगणात खंडेनवमीची पूजा मांडलेली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन ओळीत ठेवतात. कोयते, खुरपी, कुदळी, नांगराचा फाळ, पाने, मामंजींचा फौजेतला सुरा. भावजींनी तो व्हाइस नेऊन बरोबर मधोमध ठेवला.

आणि खुर्चीत बसवलेल्या आत्याबाईंनी डावा हात पुढं केला. हळदी-कुंकवाच्या ताटाकडं.

आजारपणानंतर त्यांनी आपणहून असं काही मागितलं नव्हतं. जन्मभर ह्या बाईनं देवाच्या कामाला डावा हात लागू दिला नाही, मलाही दोनदा झापलं होतं त्यावरनं. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, चालंल का, असं विचारल्यासारखं. मामंजी म्हणाले, "लाव, लाव, काय हुतंय." आत्याबाईंनी डाव्या हातानं त्या व्हाइसला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल जबड्यात ठेवलं. मामंजींनी तोंड फिरवलं. ते रडत होते.

आता सांगा, तो व्हाइस परत करायला कुणाची जीभ रेटेल? पुजलेली वस्तू आमच्यात परत देत नाहीत. दुकानदारानंसुद्धा घेतली नसती. दसऱ्यानंतर पुसायला गेले तर कुंकवाखाली लोखंडाला गंज धरलेला.

तो राक्षस आम्ही दोघांनी उचलून मशीनवर बसवला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. हँडल पूर्ण फिरवायला गेलं की मागच्या खांबाला आपटायचं. मोठा कटर बसवायला वर जागाच नव्हती, म्हणून मी बारका घेतला. बारक्या कटरनं पोलाद खाताना सगळं मशीन हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं, आणि ठोकळ्यावर लाटाच लाटा. पहिला ठोकळा वाया गेला. दुसरा त्याहून वाया.

आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मनातल्या मनात मी साताऱ्याच्या स्टँडवर उतरले होते. मला काहीही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. व्हाइस भावजींनी आणलेला, आत्याबाईंनी पुजलेला, मामंजींनी बघितलेला. त्यावर काम होत नव्हतं, बस्स. खाली ते फिरतं बूड आहे, ते काढून ठेवलं तर थोडी जागा मिळते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते काढलं नाही. रोज दुपारी मशीन चालवायची, रोज ठोकळा बिघडायचा आणि रोज मी आत्याबाईंच्या पायाला तेल लावताना गुणगुणायची. मामंजी शेडाच्या दारात येऊन बघायचे आणि मान हलवून जायचे. एकदा म्हणाले, "न्हाईच जमत म्हंजे. बरं. शब्द दिलाय मी." मला त्यांची दया आली, पण गुणगुणणं थांबलं नाही.

दिवाळी जवळ आली होती. घरात भाजणीचा वास सुटला होता. भावजी जेवता जेवता मामंजींना म्हणाले, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते तसंच बोलतात, "वैनीला पयल्यापास्नं जमतच नसणार आण्णा. तिकडं टूलरूमात सायेब सांभाळून घेत असतील. बाईमाणूस म्हणून."

मामंजी भाकरी मोडत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातली भाकरी ताटात आपटली. "उद्या मी सांगलीला जाणार," मी म्हटलं. "व्हाइस मी आणणार. आणि उद्या आत्याबाईंचं सगळं तुमी करायचं भावजी. अंघोळ, जेवण, भांडं, सगळं. बघू बाप्यामाणसाला कितपत जमतंय!"

भावजींचा घास तोंडातच राहिला. आत्याबाई डाव्या हातानं पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सकाळच्या सांगली गाडीत मला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, कुठं तोडीला आलेल्या टोळ्यांची पालं. मांडीवर पिशवी, पिशवीत टूलरूमच्या दिवसांतला एक घासलेला पोलादी ठोकळा. कुणी हाक मारत नव्हतं. वारं असं लागत होतं की मला रडूच आलं, आणि शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी चाललाय का? मी व्हय म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दुकानदार माझ्या मागं बघत राहिला, कुणी पुरुष येतोय का म्हणून. "ताई, साहेब कुठल्या मशीनवर काम करतात?"

"साहेब बॉर्डरवर काम करतात," मी म्हटलं. "मशीन मी चालवते. बुटके व्हाइस दाखवा."

त्यानं दोन काढले. एक पिवळा, चकचकीत रंगाचा, नुसता बघत राहावा असा. दुसरा काळा, तेलकट, कुणी हात लावू नये असा. उंचीला दोन्ही सारखेच. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, पिवळ्याच्या जबड्यात खाली पट्टी घातली, त्यावर माझा ठोकळा ठेवला, आवळलं आणि पट्टी ओढली. सुळकन बाहेर आली. म्हणजे आवळताना त्याचा पुढचा जबडा वर उचलत होता आणि सोबत ठोकळाही. असा व्हाइस बाहेरून कुणाला कळत नाही. काम मात्र कधीच काटकोनात येत नाही.

मग काळ्यात तेच केलं. पट्टी ओढली ती फाटली. ठोकळा तळाला घट्ट बसला होता.

मी पिवळ्यावर हात ठेवून उभी राहिले. कुणाला कळणार होतं? भावजींना नाही, मामंजींना नाही. हा नेला असता तर ठोकळा तिरका आला असता, दिवाळी झाली असती आणि मी साताऱ्याला गेले असते. भावजी म्हणाले असते, बघा, सवता निवडून आणला तरी जमलं न्हाई. म्हणू देत की! महिनाभर म्हणतील. मी तर एसटीत असेन. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, हा पिवळा बांधा.

"ताई, पिवळा देऊ का?" दुकानदार म्हणाला. "जास्त तोच खपतो."

"जबडा उचलतोय त्याचा," मी फाडकन म्हटलं. "कचरा आहे तो. काळा द्या."

झालं. तोंडातनं गेलं ते गेलं. इतकी वर्षं ज्या हातांनी वाकडं काम कधी पुढं सरकवलं नाही, त्याच हातांनी मी पैसे मोजले. दुकानदार काळ्याला गोणपाट गुंडाळत होता आणि मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटत होती. थांब, बदलून दे, असं म्हणायला वेळ होता. मी म्हटलं नाही. मला जमलंच नाही.

पुजलेला व्हाइस मामंजींनीच खाली काढून लाकडी बाकावर बसवला. "पुजलंय म्हणून काय झालं, हितं ऱ्हाईल की," म्हणाले. मी त्या पूजेच्या सबबीआड लपत होते, आणि त्यांनी ते एका वाक्यात मोकळं केलं. काळा व्हाइस टेबलावर बरोबर बसला. मापाचं डायल लावून जबडा सरळ केला, मोठा कटर चढवला. पोलादाच्या निळसर कुरळ्या सालीच्या साली उडायला लागल्या. मशीनचा आवाज असा एकसुरी लागला की त्या वेळापुरती मी सगळं विसरले. खरं सांगते, विसरले. काटकोन लावून बघितला, मधल्या फटीतनं जराही उजेड दिसेना.

ठोकळा घेऊन मामंजी स्वतः साताऱ्याला गेले. दुपारी साहेबांचा फोन आला. "मॅडम, एक नंबर! फिनिश तर आमच्या मोठ्या मशीनपेक्षा भारी. आता घरी एवढं चांगलं होतंय, तर तुम्ही कशाला रोज एसटीचे धक्के खाताय? तुमच्या जागेवर एका पोराला घेऊन टाकतो. त्याचंही भलं होईल."

मी म्हटलं, "बरं साहेब."

भावजींनी शेडावर आकाशकंदील लावला. "वैनी, नाद न्हाई करायचा तुमचा," म्हणाले, आणि कान धरले. आत्याबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात डाव्या हातात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मला कळलं काय विचारायचंय ते. मी म्हटलं, "न्हाई जात कुठं." त्यांचे डोळे पाण्यानं भरले. त्यांना किती भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

धनत्रयोदशीला दारात एक बाई येऊन उभी राहिली. मेढ्याकडची, एकटी, हातात कपड्यांची पिशवी. "सुभेदारांनी बोलावलं हुतं," म्हणाली. "आजारी बाईमाणसाला सांभाळायचं हाय म्हणून. सणाआदी ये म्हणाले."

मामंजी घरातनं बाहेर आले. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळायची तयारीसुद्धा केली होती, मला न सांगता, माझे ठोकळे बिघडत होते तेव्हाच. बिचाऱ्यांना उलट निरोप द्यायचं राहून गेलं होतं. ते त्या बाईला अगदी अभिमानानं म्हणाले, "माफ करा बाई, हेलपाटा पडला तुमाला. आमच्या सूनबाईंचं घरातच झ्याक जमलंय. आता गरज न्हाई."

मी तिला चहा दिला, फराळाचं बांधून दिलं आणि स्टॉपपर्यंत सोडायला गेले. ती वाटभर सांगत होती, आजारी माणसाचं करायची तिला सवय आहे, सासूचं तिनं शेवटपर्यंत केलं, कधी कंटाळली नाही. मी ऐकत होते. साताऱ्याची गाडी आली. मी तिची पिशवी वर दिली. गाडीत जागा होती, खिडकीचीसुद्धा. कंडक्टर जुना, माझ्या नोकरीच्या दिवसांपासूनचा. त्यानं मला ओळखलं आणि दार धरून ठेवलं. "काय मॅडम, लय दिवसांनी! या, या, बसा लवकर."

"न्हाई," मी म्हटलं. "मला न्हाई यायचं. ह्या एकट्याच हायत."

त्यानं बेल मारली.